बेचाळीस कप

खानापूरहून निघताना
मी थर्माकोलचे बेचाळीस कप नेले होते,
चहाचेच, स्टँडसमोरच्या हाटेलातले, कोरे.
सातवीच्या पोरांनी त्यांवर पेनानं
सुचेल ते काढलेलं. मासा, विमान, कौलारू घर.
कुणी नाव मराठीत घातलं, कुणी कन्नडात,
प्रज्ञा गुरवनं दोन्हींत, उगाच भानगड नको म्हणून.
सुहेल तिगडीनं नावच नाही घातलं.
त्यानं लिहिलं : खाली कोण आहे?

बाराव्या दिवशी बोट थांबली.
चारी बाजूंनी पाणी, आणि मी,
मलप्रभेत गुडघ्याच्या वर कधी न उतरलेली,
कप जाळीच्या पिशवीत भरून
नमुन्याच्या बाटल्यांच्या चौकटीला बांधत होते.
तार सुटत राहिली.
हजार मीटर. दोन हजार.
यंत्रावरचा लॉरेन्स जांभया देत होता.
साडेचार हजारांवर तळ लागला.
म्हणजे स्टँडवरून चालत निघालं
तर असोग्याच्या देवळाच्या आसपास पोचावं, एवढं.
फक्त सरळ खाली. आणि वाटेत दिवा नाही.

वर आले तेव्हा
शिंप्याच्या अंगुस्तानाएवढे झाले होते.
हवा तेवढी गेली होती, बाकी सगळं होतं.
मासा होता. विमान होतं.
घरावरची कौलंसुद्धा, भिंग धरलं तर, मोजता येत होती.
मराठी अक्षरं आवळली होती, कन्नड अक्षरं आवळली होती,
एकाच मापानं.
मी कप मोजले. एकेचाळीस.
पुन्हा मोजले.
पिशवीची एक शिवण उसवली होती.
वहीत लिहावं लागलं : कप एक, हरवला.
समुद्रात कचरा, माझ्या हातून.

घरी आप्पांनी एक कप तळहातावर घेतला.
पन्नास वर्षं चाकावर बसलेला माणूस,
त्यांनी लाटांचं विचारलं नाही, जेवणाचं नाही.
"पाणी सगळ्या अंगानं दाबतंय नव्हं?"
होय.
"मग बरोबर हाय. एका अंगानं दाबलं असतं तर फुटला असता.
भट्टीत मडकं बी असंच आक्रसतंय की."
मग कप कानाशी धरून टिचकी मारली,
पक्क्या मडक्याला मारतात तशी.
आवाज आला नाही.
जरा नाराज झाले. परत दिला.

वर्गात कप वाटले आणि एकच गलका.
मॅडम, तिथं रेंज येती काय?
मॅडम, मासं चिरडत न्हाईत कसं?
मॅडम, तो तळ कुठल्या तालुक्यात येतोय?
बाईंनी डोळे वटारले.
कुणाच्याच नाही, म्हटलं मी,
आणि मागचा बाक त्या दिवसात पहिल्यांदा गप्प झाला.

सुहेलच्या हातात काहीच नव्हतं.
मी त्याच्याजवळ जाऊन सांगायला लागले,
शिवण, माझी चूक, पुढच्या फेरीला नवा कप नेईन,
अगदी वरच बांधीन,
पण तो ऐकतच नव्हता.
भिंतीवरच्या नकाशावर, सगळ्या निळ्यात,
बोट टेकवून विचारत होता,
"इथं? का जरा खाली?"
जरा खाली, म्हटलं. त्यानं बोट सरकवलं.
वाहून गेला असेल, की चिखलात रुतला असेल,
मला खरंच माहीत नाही, असंही सांगितलं.
त्यानं मान हलवली, आप्पा हलवतात तशी.

बाईंचा परवा फोन आला होता.
डब्याच्या सुट्टीत दुसऱ्या वर्गातली पोरंही येतात म्हणे,
खिशात कप असलेली, नसलेली.
तो त्यांना ती जागा दाखवतो.
नकाशाचा तेवढा भाग मळलाय.
"प्रश्न पोचलाय," सांगतो,
"आता वेळ लागणारच."